कोपर दुखतंय, पण केटलबेल सोडायची नाही

सोळा किलोची केटलबेल, म्हणजे वर मूठ असलेला लोखंडी गोळा, डोक्यावर जाते, आणि सकाळी दुधाचं पातेलं उचलताना कोपराच्या बाहेरच्या हाडाशी कळ येते. केटलबेल सुरू करून तीन-चार महिने झालेल्या बऱ्याच जणांची गोष्ट अशीच सुरू होते. माझीही झाली. वय बेचाळीस, दिवसाचे आठ-नऊ तास लॅपटॉपसमोर, आणि संध्याकाळी उत्साहाच्या भरात स्विंग, म्हणजे बेल पायांमधून छातीपर्यंत झुलवणं. पहिल्या खेपेला दुखणं अंगावर काढलं. वाढलं, तेव्हा घाबरून दोन महिने बेलला हात लावला नाही. दुखणं गेलं. पुन्हा सुरू केलं आणि दहाव्या दिवशी ते परत हजर! जिथे सोडलं होतं तिथूनच मी सुरुवात केली होती, त्याच आवळलेल्या मुठीने.

तिसऱ्या खेपेला जे केलं ते इथे क्रमाने लिहितोय. थोडक्यात असं: कोपराला पूर्ण सुट्टी द्यायची नाही. त्याला झेपेल तेवढं काम हळू आणि मोजून द्यायचं, आणि ज्या सवयीने ते दुखावलं ती सवय शोधून काढायची. हे नव्याने केटलबेल धरलेल्यांसाठी आहे. तपासणीची जागा हा लेख घेऊ शकत नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

आधी हे नाही ना, ते बघा

झटका बसताना कोपराच्या पुढच्या बाजूला 'कट्' असा आवाज झाला, नंतर तिथे काळंनिळं पडलं आणि दंडाची बेटकुळी वर सरकल्यासारखी दिसते, तर बायसेप्सचा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) हाडापासून सुटलेला असू शकतो. यात दिवस मोजून जातात. शस्त्रक्रिया लागणार असेल तर ती लवकर झालेली बरी. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

कोपर सुजलंय, लाल आणि गरम आहे, अंगात ताप आहे. किंवा पडल्यानंतर हात पूर्ण सरळ होत नाही, मध्येच अडकतो. तेव्हाही व्यायाम बंद आणि डॉक्टर. करंगळी आणि अनामिका बधिर होतात, हातातून वस्तू सुटतात, मान वळवली की हातात कळ उतरते, तर दुखणं टेंडनचं नसून नसेचं असण्याची शक्यता मोठी. त्यावर पुढचे व्यायाम लागू पडतीलच असं नाही.

आणि एक, जे लोक कोपरावर ढकलतात. चढताना, धावताना किंवा सेटच्या मध्यावर डाव्या हातात दुखतं, सोबत छातीत दडपण, घाम, धाप, आणि थांबलं की कमी होतं. ते हृदयाचं असू शकतं. तसं वाटलं तर लेख वाचत बसू नका, थेट इस्पितळ गाठा.

गेल्या काही आठवड्यांत सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लेव्होफ्लॉक्सासिन घेतलं असेल तर डॉक्टरांना तसं सांगा. या गटातल्या अँटिबायोटिकांनी टेंडन दुखावू किंवा तुटू शकतो, म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकाने २००८ साली त्यांच्यावर ठळक इशारा छापायला लावला. मधुमेह असणाऱ्यांचे टेंडन बरे व्हायला वेळ घेतात, तेव्हा साखर ताब्यात ठेवणं हाही या उपचाराचाच भाग.

दुखतंय नेमकं कुठे

बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. 'हात दुखतो' एवढ्यावर काही ठरवता येत नाही.

हात समोर सरळ धरा, तळवा जमिनीकडे. दुसऱ्या हाताने मुठीच्या वरून खाली दाब द्या आणि मनगट खाली जाऊ देऊ नका. कोपराच्या बाहेरच्या, म्हणजे तळवा वर केला की अंगठा येतो त्या बाजूच्या उंचवट्याशी किंवा त्याच्या बोटभर खाली कळ आली तर तो बहुतेक टेनिस एल्बो. प्लास्टिकची खुर्ची पाठीकडून, तळवा खाली ठेवून उचलताना अशीच कळ येते. आता तळवा आकाशाकडे करा आणि मनगट वर वळवताना दुसऱ्या हाताने अडवा. आतल्या, करंगळीच्या बाजूच्या उंचवट्याशी दुखलं तर गोल्फर्स एल्बो. कोपराच्या मागे, टोकाशी दुखत असेल आणि प्रेस (बेल खांद्यापासून डोक्यावर ढकलणं) करताना हात पूर्ण सरळ करण्याच्या शेवटच्या टप्प्यात जास्त, तर ट्रायसेप्सचा, म्हणजे दंडामागच्या स्नायूचा टेंडन. पुढच्या खळगीत दुखत असेल तर वाकवलेल्या हाताने ओढण्याची सवय तपासा.

मनगटाच्या वर, हाताच्या मागच्या बाजूला निळे डाग असतील तर ते बेल आपटल्याचे. क्लीन, म्हणजे बेल खालून खांद्याशी आणणं, शिकताना सगळ्यांना पडतात. टेंडनशी त्यांचा संबंध नाही, तंत्राशी आहे.

टेनिस एल्बो या नावावर जाऊ नका. हे दुखणं झालेल्या बहुतेकांनी टेनिसची रॅकेट जवळून पाहिलेलीही नसते. १८७३ साली रुंगे या जर्मन डॉक्टरने त्याचं वर्णन केलं ते लिहिणाऱ्यांच्या हाताबद्दल बोलताना. टेनिसचं नाव त्याला १८८० च्या दशकात इंग्लंडमध्ये चिकटलं. म्हणजे मूळ रोगी आपल्यासारखाच, खुर्चीवर बसून हाताने काम करणारा.

आता एक प्रयोग करा, कारण पुढचं सगळं याच्यावर उभं आहे. डाव्या हाताने उजव्या हाताचा कोपराखालचा, बाहेरच्या बाजूचा मांसल भाग धरा आणि उजवी मूठ घट्ट आवळा. बोटाखाली स्नायू टणक झालेला जाणवेल. मूठ आवळतात आतल्या बाजूचे स्नायू, मग बाहेरचे का ताणले? कारण मूठ वळताना मनगटही आत दुमडायला बघतं, आणि ते सरळ ठेवायचं काम बाहेरच्या स्नायूंचं. जितकी मूठ घट्ट, तितका बाहेरच्या टेंडनवर ताण. शंभर स्विंग म्हणजे शंभर वेळा हेच. कोपर वाकवलेलंसुद्धा नसतं, आणि तरी दुखतं ते कोपरच.

आणखी एक गोष्ट कळली की उपचाराची दिशा बदलते. शस्त्रक्रियेत काढलेले या टेंडनचे तुकडे १९७० च्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा जुन्या दुखण्यात सुजेच्या पेशी फारशा सापडल्या नाहीत. सापडले विस्कटलेले, नीट न जुळलेले तंतू. म्हणून सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी चार दिवस बरं वाटतं आणि पाचव्या दिवशी पुन्हा तेच. विस्कटलेले तंतू ओळीत यायला त्यांना ताण लागतो, पण सोसेल असा.

वही आणि सकाळचा तांब्या

साधी वही घ्या. दुखण्याला ० ते १० गुण: ० म्हणजे काहीच नाही, १० म्हणजे सहन होत नाही. तीन नोंदी करायच्या. व्यायाम करताना किती, संपल्यावर किती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी किती. तिसरी नोंद सगळ्यात महत्त्वाची, कारण टेंडन तक्रार उशिरा करतो. सेट चालू असताना अंग तापलेलं असतं, तेव्हा तो गप्प राहतो.

सकाळची परीक्षा रोज सारखी हवी. मी पाण्याने भरलेला तांब्या वापरायचो: हात सरळ, तळवा खाली, तांब्या वरून काठाशी धरून उचलायचा. आज ३, उद्या ३, परवा २, एवढंच लिहायचं.

करताना ३ पर्यंत दुखलं आणि सकाळी आकडा वाढला नाही, तर कालचं काम बरोबर होतं. ४ किंवा ५ ला गेलं तर वजन किंवा रेप्स (किती वेळा केलं ती संख्या) कमी. ५ च्या वर गेलं तर तो व्यायाम त्या दिवसापुरता संपला. सकाळचा आकडा चढला तर पुढच्या वेळी निम्मं करा. सगळं सोडून देऊ नका. व्यायामाआधी वेदनाशामक गोळी घेऊ नका. आकडेच खोटे येतील.

काय बाजूला ठेवायचं, काय चालू

पहिले दोन-तीन आठवडे स्नॅच, म्हणजे बेल खालून एका दमात डोक्यावर नेणं, बंद. मोठ्या संख्येचे एकहाती स्विंग बंद. जड क्लीन बंद. बारला लटकायची आवड असेल तर आतल्या बाजूने दुखणाऱ्यांनी चिन-अप्स थांबवा. तळवा स्वतःकडे करून ओढताना तोच टेंडन खेचला जातो.

उरलेलं बरंच आहे, आणि नवशिक्यांना ते कमी वाटतं तीच गंमत आहे. गॉब्लेट स्क्वॉटमध्ये, म्हणजे छातीशी बेल धरून मारलेल्या बैठकीत, बेल मुठीत आवळायची गरजच नाही. ती उलटी करून गोळ्याला खालून दोन्ही तळव्यांनी ओंजळीसारखं धरा, कोपरं फासळ्यांना टेकलेली. पाय दमतील, कोपर शांत राहील. ग्लूट ब्रिज (पाठीवर झोपून कंबर वर उचलणं) करताना बेल ओटीपोटाच्या खाली ठेवा, हात फक्त ती घसरू नये म्हणून. स्विंगची कमरेची ताकद त्यातून टिकते. लंजेस, जिने चढणं, पुश-अप्स दुखत नसतील तर तेही. प्रेस बऱ्याच जणांना चालतो, कारण बेल तळव्याच्या मुळावर विसावलेली असते आणि बोटांना फारसं काम नसतं. हलक्या वजनाने करून बघा, वहीला विचारा. टर्किश गेट-अपही (एका हाताने बेल वर धरून आडव्याचं उभं होणं) याच कारणाने चालू शकतो. ट्रायसेप्स दुखणाऱ्यांनी मात्र या दोन्हींत सरळ हाताचा शेवटचा खटका टाळा.

चांगल्या हाताला सुट्टी देऊ नका. त्याचा व्यायाम नेहमीसारखा चालू ठेवा, मात्र दोन्हींचं काम त्या एकट्यावर टाकू नका. माझ्या ओळखीतल्या एकाचं दुसरं कोपर असंच गेलं.

मूठ सैल करायला शिका

दुखणं आलं कुठून, त्याचं उत्तर बहुतेक वेळा या भागात मिळतं, म्हणून इथे जरा थांबू.

स्विंगमध्ये हात म्हणजे रहाटाची दोरी. बादली वर येते ती रहाट फिरतो म्हणून, दोरी काही ओढत नाही. इथे रहाट म्हणजे कंबर. नवशिका बेल छातीपर्यंत आली पाहिजे म्हणून खांद्याने आणि हाताने उचलतो, आणि उचलायचं म्हणजे आवळायचं. तपासायचा सोपा मार्ग: एक मजबूत, कोरडा टॉवेल बेलच्या मुठीतून ओवा, दोन्ही टोकं एकत्र धरा आणि हलक्या बेलने, मोकळ्या जागेत, समोर माणूस आणि टीव्ही नसताना दहा स्विंग करा. वर गेल्यावर हात, टॉवेल आणि बेल एका रेषेत दिसले तर कंबर काम करतेय. बेल खाली लोंबत राहिली तर तुम्ही हाताने उचलताय.

वरच्या टोकाला बेल क्षणभर तरंगते. तिथे तिला वजनच नसतं, त्यामुळे आवळायचं कारणही नसतं. त्या क्षणी बोटं मुद्दाम सैल करा. पायांमधून मागे जाताना ताण सर्वात जास्त, तिथे पकड हवी, तीही बोटांच्या आकड्याची. बेलची मूठ तळव्यात खोल दाबून धरू नका. बोटांच्या मुळाशी अडकवा. सैल, पक्की, सैल, पक्की अशी लय बसली की शंभर स्विंगनंतरही हात दगडासारखा होत नाही.

मागे जाताना बेल गुडघ्यांच्या खाली लोंबू देऊ नका. हात मांडीच्या वरच्या, आतल्या भागाला टेकला पाहिजे. खाली गेलेली बेल हात उपटल्यासारखी ओढते. पाठीलाही त्याचा हिशोब चुकवावा लागतो.

क्लीनमध्ये बेल दूरून गरगर फिरून मनगटावर आपटत असेल तर दोन चुका एकदम होतायत. कोपर फासळ्यांपासून लांब जातंय, आणि मूठ अजून आवळलेली आहे. बेल अंगाजवळून वर आणा, पोटाच्या उंचीला मूठ ढिली करा आणि हात बेलच्या भोवतीने आत सरकवा. रॅकमध्ये, म्हणजे बेल खांद्याशी टेकवून धरताना, मनगट सरळ, हाडावर हाड. ते मागे मोडलं की आतल्या बाजूचा टेंडन सेट संपेपर्यंत ताणलेला राहतो.

स्नॅचमध्ये दुखापत चढताना कमी आणि उतरताना जास्त होते. डोक्यावरून बेल सरळ हाताच्या टोकाला सोडून दिली की खाली सगळा झटका कोपर आणि बोटं घेतात. आधी कोपर वाकवून बेल अंगाजवळ आणा, धड किंचित मागे, आणि खाली पोचण्याआधी पकड तळव्यातून बोटांत आलेली असू द्या. वर हात सरळ होतो तोही स्नायू धरून. खटकन कुलूप लावल्यासारखा नको. ज्यांचं कोपर जन्मतःच सरळ रेषेच्या मागे वाकतं त्यांनी हे जास्त जपावं.

बेलच्या मुठीची जाडीही बघा. स्पर्धेच्या केटलबेलची मूठ साधारण ३३ ते ३५ मिलिमीटर असते आणि ८ किलोपासून ३२ किलोपर्यंत बेलचा आकार तोच राहतो. ओतीव लोखंडाच्या बेलचं तसं नसतं; वजन वाढलं की मूठ जाड होत जाते. लहान हाताला जाड मूठ म्हणजे जास्त आवळणं. हातमोजे तीच चूक वाढवतात. पावसाळ्यात मुंबई-कोकणात हात घामाने निसटतो आणि निसटतो म्हणून आपण आवळतो. तिथे खडू, म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट, थोडासाच लावा. मुठीवर ओतकामाची कड राहिली असेल तर पॉलिश पेपरने घासून टाका.

आपल्या तालमीत नाल असायचे, आत पकडायला मूठ कोरलेले दगड, केटलबेलचे चुलतभाऊच म्हणा. पण तिथे नवख्याच्या हाती मोठा नाल लागायचा नाही, वस्तादांच्या परवानगीशिवाय तर नाहीच. आपण मात्र ऑनलाइन मागवतो आणि दारात आलेली पेटी फोडून लगेच स्विंग सुरू करतो.

टेंडनचा व्यायाम

हे एक दिवसाआड करा. टेनिस एल्बो धरून सांगतो. आतल्या बाजूने दुखत असेल तर तळवा आकाशाकडे करून हेच उलटं.

पहिले एक-दोन आठवडे नुसतं धरून ठेवायचं. कोपर ते मनगट भाग टेबलावर टेकवा, पंजा काठाबाहेर, तळवा खाली. हातात अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली. मनगट सरळ रेषेत ३० ते ४५ सेकंद स्थिर, मग एक मिनिट विश्रांती, असं ४-५ वेळा. दुखणं ३ च्या आत राहिलं पाहिजे. काहींना यानंतर लगेच हलकं वाटतं, काहींना काहीच वाटत नाही, दोन्ही ठीक.

मग हालचाल. तीच जागा, तीच बाटली. तीन सेकंदांत मनगट वर, तीन सेकंदांत खाली. १५ वेळा, तीन फेऱ्या. घाई केली की उपयोग गेला, मनात मोजा. जमलं की एक लिटरची बाटली, म्हणजे एक किलो. मग दीड, मग दोन. दर आठवड्याला वाढलंच पाहिजे असा नियम नाही. मला एका किलोवरून दीडवर यायला तीन आठवडे लागले. दोन किलो सहज व्हायला लागले की रेप्स ८-१० वर आणून वजन वाढवत न्या.

तिसरा व्यायाम हातोडीचा. दांड्याच्या टोकाला धरा, डोकं वर, कोपर अंगाशी वाकवलेलं. हळूहळू डोकं बाहेर झुकवा, परत वर आणा, आत झुकवा, परत आणा. दोन्हीकडे दहा-दहा. जड वाटली तर दांड्यावर हात वर सरकवा. वजन न बदलता ताण कमी होतो. क्लीन आणि स्नॅचमध्ये हात बेलभोवती फिरतो तेव्हा हेच स्नायू लागतात.

जाड रबरी दांडा पिळायचा एक व्यायामही चांगला आहे. दुखऱ्या हातात दांडा उभा धरा, मनगट मागे वळवलेलं. दुसऱ्या हाताने वरचं टोक धरून पिळा, तो पीळ तसाच ठेवून दोन्ही हात समोर सरळ करा आणि आता दुखऱ्या हाताचं मनगट सावकाश पुढे सोडत पीळ उलगडू द्या. पिळायचं काम चांगल्या हाताचं, सोडायचं काम दुखऱ्याचं. १५ वेळा, तीन फेऱ्या. दांडा नसेल तर टॉवेलची घट्ट वळकटी चालते, पण त्यात ताण मोजता येत नाही.

खांद्याच्या पात्यासाठी चांगल्या बाजूच्या आधाराने हलकं रोइंग (वाकून बेल अंगाकडे ओढणं) ठेवा. खांदा आळशी असला की कोपर त्याचं काम अंगावर घेतं. ट्रायसेप्सवाल्यांनी भिंतीला हात लावून दाब धरून ठेवण्यापासून सुरुवात करावी.

पट्टा, बर्फ, इंजेक्शन

कोपराच्या खाली दोन बोटांवर बांधायचा पट्टा काम करताना उपयोगी पडतो; दुखणं कमी झालं तर वापरा, बसल्या वेळी सोडून ठेवा. बर्फ किंवा शेक, ज्याने बरं वाटेल तो. त्याने टेंडन दुरुस्त होत नाही.

स्टेरॉइड इंजेक्शनबद्दल मात्र दोनदा विचार करा. २००६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास आला. १९८ रुग्ण, तीन गट: इंजेक्शन, फिजिओथेरपी, आणि नुसती वाट पाहणं. सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाले सगळ्यात पुढे होते. पण त्यांच्यातल्या बरं वाटलेल्या ६५ जणांपैकी ४७ जणांचं दुखणं नंतर पुन्हा बळावलं. वर्षाच्या शेवटी फिजिओथेरपीवाले आणि नुसती वाट पाहणारे जवळपास एका जागी आले. म्हणजे वेळ हेही औषध आहे. फिजिओमुळे मधले महिने सुसह्य होतात. बहुतेकांचं हे दुखणं वर्षभरात जातं, पण मध्ये महिने लागतात हे आधीच मान्य केलं की चिडचिड कमी होते. सहा-आठ आठवडे नीट नोंदी ठेवूनही आकडा हलला नाही, तर वही घेऊन फिजिओथेरपिस्टकडे जा. 'खूप दिवस दुखतंय' यापेक्षा त्यांना ती वही जास्त सांगेल.

बाकीचे तेवीस तास

व्यायाम तासभर. उरलेल्या वेळात हात काय करतो? तळवा खाली ठेवून, हात लांब करून काहीही उचलू नका: लॅपटॉप, कुकर, मांडणीवरचा डबा. तळवा वर, कोपर वाकवून, अंगाजवळ घ्या. भाजीची पिशवी बोटांवर लटकवण्याऐवजी हाताच्या घडीत अडकवा. कपडे पिळणं काही दिवस दुसऱ्यावर सोपवा. कणीक मळताना दुखत असेल तर मऊ भिजवा आणि बोटांऐवजी तळव्याच्या मुळाने मळा. माउसवर हात आहे म्हणून तो आवळून ठेवायचा नसतो. माझा सगळ्यात मोठा शोध हाच होता. स्कूटरचा ॲक्सिलरेटर तसाच, सिग्नलला मूठ सोडा. करंगळीकडे झिणझिण्या येत असतील तर रात्री कोपर घट्ट दुमडून झोपू नका. कोपराभोवती सैलसर टॉवेल गुंडाळला की ते आपोआप अर्धं उघडं राहतं. झिणझिण्या तरीही टिकल्या तर वर सांगितल्याप्रमाणे डॉक्टर.

परत चढताना

केटलबेलमध्ये वजनाच्या उड्या मोठ्या असतात हे नवशिक्यांच्या लक्षात येत नाही. जुनं रशियन माप पूद, म्हणजे १६.३८ किलो, एक, दीड आणि दोन पूद यांवरून १६, २४ आणि ३२ ही ओळ आली. १६ वरून २४ म्हणजे एकदम दीडपट. मधली २० आणली तरी पाव हिस्सा वाढतोच. आणि ८ वरून १२ ही उडीसुद्धा दीडपटच आहे, ती फक्त लहान दिसते. स्नायू महिन्याभरात तयार होतो, टेंडन मागून चालत येतो. चार-पाच आठवड्यांत दहा हजार स्विंगचं आव्हान प्रसिद्ध आहे, व्यायामाच्या दिवशी पाचशे. पायाभरणी झालेल्यांसाठी ते ठीक. महिनाभर आधी आठवड्याला दोनशे करणाऱ्याने ते घेतलं तर कोपर सांगेलच.

परत यायची अट माझ्यापुरती अशी होती: सकाळचा तांब्या सलग दोन आठवडे २ किंवा त्याखाली, आणि दोन किलोचा संथ व्यायाम ३ च्या आत. नेहमीची बेल १६ ची धरून माझा क्रम देतो. तुमची १२ ची असेल तर सगळं एक पायरी खाली घ्या.

पहिला आठवडा फक्त दोनहाती डेडलिफ्ट (बेल जमिनीवरून उचलून ताठ उभं राहणं), १६ किलो, पाच-पाचच्या पाच फेऱ्या, बोटांच्या सैल आकड्याने. दुसऱ्या आठवड्यापासून १२ किलोचे दोनहाती स्विंग, दहाच्या पाच फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस मोकळा. सकाळचा आकडा स्थिर राहिला तर पुढच्या आठवड्यात ७०, मग ९०. शंभर झाले की १६ ची बेल, पण संख्या परत ५० वर. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची: वजन, संख्या किंवा नवा प्रकार. दोन एकदम वाढवल्या आणि दुखलं तर दोष कुणाचा ते कळत नाही.

त्यानंतर एकहाती स्विंग, पुन्हा १२ पासून, प्रत्येक हाताने पाच-पाच. इथे घाई करू नका; दोनहातीच्या तुलनेत एका मुठीवर दुप्पट ताण येतो. मग क्लीन. स्नॅच सगळ्यात शेवटी, ८ किंवा १२ किलोने, हाताला पाच, आठवड्यातून एकदा. बाकीचे दिवस स्विंगलाच द्या.

मला स्नॅचपर्यंत परतायला साडेचार महिने लागले. मध्ये दोनदा आकडा ४ वर गेला. दोन्ही वेळा ऑफिसात डेडलाइनचा आठवडा होता आणि बेलचं वजन तेच होतं. निम्म्यावर आलो, दहा दिवसांत परत चढलो. दोन किलोची बाटली अजून टेबलाखाली आहे, मंगळवारी आणि शनिवारी निघते.